आत्या उठते तेव्हा

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे काय असतं ते ज्याने केला नाही त्याला सांगून कळत नाही, आणि ज्याने केलाय त्याच्यासमोर तो विषय काढू नये. माझे केस गळत होते, आणि आई नुसतं "जेवायला ये" म्हणाली तरी मी वसकन तिच्या अंगावर जायचे. "मी काय मरतेय का भुकेने?" असं एकदा म्हणाले. आईने ताट उचललं आणि आत नेऊन झाकून ठेवलं. थोड्या वेळाने मीच गेले, ताट शोधलं आणि ओट्याशी उभ्या उभ्या जेवले. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

कॉलेजला आमची काळजी नव्हती असं नाही. सगळ्यांचे अहवाल जमा व्हायचे होते नेमक्या त्याच आठवड्यात त्यांनी 'ताणतणावांवर मात' या विषयावर व्याख्यान ठेवलं. हजेरी सक्तीची. जो येणार नाही त्याच्या अहवालावर सही होणार नाही. एक गृहस्थ आले, डोळे मिटा म्हणाले, दीर्घ श्वास घ्या म्हणाले. डोळे मिटल्याबरोबर अर्धा वर्ग घोरायला लागला. मी तेवढी टक्क जागी, कारण आमचं यंत्र तिकडे घरी चालू होतं आणि ते बंद पडलं असलं तर काय, या विचाराने मला श्वासबीस काही सुचत नव्हतं.

पास होणं भाग होतं. नोकरीचं पत्र हातात आलं होतं, पण त्यात खाली बारीक अक्षरांत म्हटलं होतं की पदवी मिळाली तरच. प्रोजेक्ट गेला तर वर्ष गेलं आणि वर्ष गेलं तर नोकरी गेली. शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येऊन आमचं यंत्र बघणार होते. सगळं घोडं त्या शुक्रवारापाशी अडलं होतं.

यंत्र असं होतं. गादीखाली एक रबरी पट्टी, तिच्यात वजन ओळखणारे सेन्सर. म्हातारं माणूस पलंगावरून उठायला लागलं की वजन सरकतं, ते पट्टीला कळतं आणि दुसऱ्या खोलीत बेल वाजते. माणसाचे पाय जमिनीला लागायच्या आत घरच्यांनी पोचायचं आणि हात द्यायचा. सांगायला सोपं, करायला नाकी नऊ आले.

जोडीदार म्हणून माझ्या वाट्याला आला 'उद्या'. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण अख्खं कॉलेज त्याला उद्या म्हणतं, कारण काहीही सांगा, "उद्या करतो" हे उत्तर तयार. पोरगा हुशार आहे, त्यात वाद नाही. पण हुशार माणूस आळशी निघाला की सगळी हुशारी काम टाळण्यात घालवतो. मी ओरडायचे, तो हसायचा, आणि काम शेवटी व्हायचं. कसं व्हायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मुळात हे यंत्र सुचलं आत्यामुळे. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला आणि एकटी राहिली. मागच्या वर्षी घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती वॉकर घेऊन आमच्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पलंगावरून एकटीने उठायचं नाही, कोणालातरी हाक मारायची. आत्या कसली हाक मारतेय! "मी काय पाळण्यातलं बाळ आहे का?" म्हणायची आणि गुपचूप उठायची. एकदा बाथरूमच्या दाराशी घसरली, नशीब म्हणून बाबांनी वेळेवर धरलं. त्या दिवशी आईच्या तोंडचं पाणी पळालं आणि मला प्रोजेक्टचा विषय मिळाला. खरंच सांगते, विषय मिळाल्याचा मला आनंद झाला होता.

पट्टी आम्ही बनवली उद्याच्या होस्टेलच्या खोलीत. एकदा तो झोपायचा आणि उठायचा, एकदा मी. किती वजन कुठे सरकलं की बेल वाजवायची, तो आकडा आम्ही आमच्या अंगावरून ठरवला. तिकडे झकास चालायचं. मग घरी आणून आत्याच्या गादीखाली घातली. आत्या उठली, बेल गप्प. परत उठली, परत गप्प. आठवडाभर हेच. एका संध्याकाळी मी तिच्या खोलीत फरशीवर बसले आणि भोकाड पसरलं. आत्या पलंगावरून नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी उद्या आला. त्याने आत्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या पलंगावर आडवा झाला. "बघा हं आत्या, यंत्राची काही चूक नाही," म्हणाला आणि उठून दाखवलं. खणखणीत वाजली. आठ-दहा वेळा उठला, प्रत्येक वेळी वाजली. आत्याने त्याच्याकडे अगदी निरखून पाहिलं. मी आकडा थोडा इकडेतिकडे केला, उद्याने दोन तारा बदलल्या आणि त्या दिवसापासून आत्या उठली की बेल वाजायला लागली. आम्हाला वाटलं, आपण हात लावला आणि सोनं झालं.

बेल माझ्या खोलीत होती, शिवाय फोनवरही निरोप यायचा. घरात मी असेन तिथून धावत जायचे. आत्या पाय खाली सोडून बसलेली असायची. "आले का पोलीस?" म्हणायची. मी तिला हात द्यायचे, पट्टी नीट आहे ना ते वाकून बघायचे, मग ती काहीतरी विचारायची. उद्याने आज काय दिवे लावले, कॅन्टीनमध्ये काय खाल्लंस, असं. बोलता बोलता दहा-पंधरा मिनिटं सहज जायची. मी मनातल्या मनात चरफडायचे, कारण अहवाल लिहायचा राहिलेला असायचा.

आता आमचा मोठेपणा ऐका. यंत्र नोंद ठेवायचं ती बेल वाजली याची. न वाजता कोणी उठलं तर ते यंत्राला कळणार कुठून? कळलं असतं तर वाजलं नसतं का? म्हणून रोज मी आत्यालाच विचारायचे, "न वाजता उठलीस का गं कधी?" आणि ती म्हणायची, "छे! वाजतेच की." त्यावर आम्ही आलेख काढले. शंभरातले सत्त्याण्णव. तीन का सोडले? तर शंभर लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, असं उद्या म्हणाला. शिवाय बेल कोणत्या वेळी जास्त वाजते त्याचाही एक आलेख होता. दुपारी जवळजवळ नाही, संध्याकाळी भरपूर, रविवारी तर सकाळपासून. त्याच्याखाली मी लिहिलं होतं, 'वृद्ध व्यक्तींची हालचाल संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी वाढलेली आढळते.' मला ते वाक्य फार आवडलं होतं.

आमच्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. अहवाल छापला, काळ्या पुठ्ठ्यात बांधून झाला. शुक्रवार तेवढा पार पडायचा राहिला होता.

मंगळवारी दुपारी मी काहीतरी विसरले म्हणून घरी परत आले. आई बाहेर गेली होती. आत्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि ती उठत होती. कुशीवर वळली, आधी दोन्ही पाय हळूहळू कडेवरून खाली सोडले, वॉकरची दांडी धरली, अंग ओढत बसती झाली आणि उभी राहिली. टेबलापाशी गेली, पाणी प्यायली. माझ्या हातातला फोन थंड. बघितलं तर यंत्र चालू होतं, नेटवर्क होतं, सगळं जागच्या जागी होतं.

ती वळली आणि तिने मला पाहिलं.

"अगं बाई! तू कधी आलीस?" म्हणाली, आणि काय करावं? लगबगीने पलंगाशी गेली, आडवी झाली, कोपर गादीत रुतवलं, दात आवळले आणि तरण्याताठ्या पोरासारखी त्या कोपरावर जोर देऊन उठली. माझ्या खोलीत बेल वाजली. फोन थरथरला.

"वाजली बघ," आत्या म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय होतं?"

"काय?"

"मघाशी न वाजता उठलीस ना? मी बघितलं. आत्या, खरं सांग, रोज अशीच उठतेस?"

मी जाऊन तिची बाही वर सारली. कोपर काळंनिळं पडलेलं. आईने मागेच विचारलं होतं तेव्हा टेबलाला लागलं म्हणाली होती.

"तो पोरगा असाच उठत होता ना," आत्या शेवटी म्हणाली. "त्याचं वाजत होतं. माझंच वाजत नव्हतं. मग मी बघून ठेवलं तो कसा उठतो ते. तू त्या दिवशी इतकी रडलीस. म्हटलं, माझ्यामुळे पोरीचं वर्ष कशाला जायला हवं?"

"पण आता जाणारच आहे!" मी किंचाळले. "तुझ्यामुळेच जाणार आहे! शंभर पानं लिहिली मी, सगळी खोटी! मदत केलीस म्हणे. त्यापेक्षा नसती केलीस तर बरं झालं असतं!"

आत्याने बाही खाली ओढली आणि कोपरावर हात ठेवून बसली. उलटून बोलली नाही. ती उलटून बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं. मी पाय आपटत माझ्या खोलीत गेले आणि उद्याला फोन लावला.

उद्याने सगळं ऐकलं आणि चक्क हसायला लागला. "म्हणजे आपण यंत्राला शिकवायचं ते आत्या शिकल्या. मानलं पाहिजे बाईंना!"

"हसतोयस काय? शुक्रवारी काय दाखवायचं?"

"आत्यांनाच घेऊन जाऊ की. त्या उठतील, बेल वाजेल, परीक्षक टाळ्या वाजवतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडायची कशाला?"

मी लगेच नाही म्हटलं नाही. बराच वेळ विचार केला, आणि तो विचार मला पटतही होता. कोणाला कळणार होतं? आत्या तर एका पायावर तयार झाली असती. पण सारखं ते कोपर डोळ्यांसमोर येत होतं. आणि दुसरी एक गोष्ट. इतके महिने आम्ही सगळे बेलच्या भरवशावर निवांत होतो. आई शेजारी जाऊन बसायची, बाबा टीव्ही मोठ्याने लावायचे. बेल वाजली नाही म्हणजे आत्या झोपलीय, असं धरून चालायचो. आणि ती बाई दिवसभर एकटी उठत होती. एखाद्या दिवशी पडली असती तर यंत्राने चकार शब्द काढला नसता. हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मी उद्याला 'नाही' कळवून टाकलं.

बुधवारी सकाळी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"मला कालच कळलं, मॅडम."

"अहवाल बांधून झालाय."

"हो."

"मग शुद्धिपत्र जोडा. खरे आकडे आणा, कमी असले तरी चालतील. पण एक सांगून ठेवते, पट्टी चालते आहे असं दिसलं पाहिजे. अजिबातच चालली नाही तर मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही."

दोन दिवसांत खरे आकडे आणायचे म्हणजे कोणीतरी दोन दिवस उठबस करायला हवी. आणि ते कोणाला सांगायचं? ज्या बाईवर मी काल तोंड टाकलं होतं तिला. मी घरी आले तर आत्या आधीच पलंगावर आडवी होती, वॉकर हाताशी, चष्मा लावून तयार.

"क्लासमध्ये मी पोरींना सांगायचे," ती म्हणाली, "चूक झाली तर खोडाखोड करत बसायचं नाही. पान काढायचं, नवीन घालायचं, पहिल्यापासून. चल, घाल नवीन पान."

"आत्या, मी काल जरा..."

"जरा नाही, चांगली ओरडलीस. बापावर गेलीयेस. चल आता, तो आळशी कुठे आहे?"

आळशी तासाभरात आला. आयुष्यात पहिल्यांदा तो सांगितल्या दिवशी आला, ते पाहून आईने त्याला दोनदा चहा दिला. आम्ही आत्याला बजावलं, तुझ्या पद्धतीने ऊठ, कोपर अजिबात नाही. ती उठली. आम्ही या वेळी दोघंही डोळ्यांनी बघत होतो, वाजलं तर वाजलं, नाही तर नाही. पहिल्या सगळ्या वेळा बेल मुकी. उद्या गुडघ्यावर बसून बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, यांचे पाय आधी येतात. आपलं डोकं आधी येतं. आपण पट्टी पाठीखाली घातलीय, आत्या उठतात कडेवरून."

इतकी साधी गोष्ट. आम्ही दोघं विशीतले, आमचा खुबा शाबूत. सगळी दुनिया आमच्यासारखी उठते असं आम्ही धरून चाललो होतो.

पट्टी कडेला सरकवली, आकडा बदलला. मग आत्या आडवी, आत्या उभी, आत्या आडवी, आत्या उभी. मधे मधे आई येऊन म्हणायची, "ताई, पुरे आता, दमलात." आत्या म्हणायची, "तुम्ही स्वयंपाक बघा. आमचं काम चाललंय." गुरुवारी संध्याकाळपर्यंत आकडा आला. दर तीन वेळांत दोनदा वाजत होती. तिसऱ्या वेळेला का वाजत नाही ते शोधायला वेळ उरला नव्हता. मी शुद्धिपत्र छापलं आणि काळ्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलं. सत्त्याण्णवाचे सदुसष्ट झाले.

शुक्रवारी प्रयोगशाळेत प्रथमोपचाराच्या खोलीतली खाट आणून ठेवली होती. बाबांनी आत्याला गाडीतून आणलं. ती ठेवणीतले कपडे घालून आली होती, केस चापूनचोपून बसवलेले. बाबा बाहेर थांबले. आत मॅडम, आम्ही दोघं, आत्या आणि बाहेरचे परीक्षक. त्यांना सर्दी झाली होती आणि सकाळपासून ते शंभरात अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव सांगणारे प्रोजेक्ट बघून कंटाळलेले दिसत होते.

"तुमचे किती?" त्यांनी रुमालाआडून विचारलं.

"अहवालात सत्त्याण्णव आहेत सर, पण ते चुकीचे आहेत. खरे सदुसष्ट."

त्यांनी रुमाल खाली घेतला. "म्हणजे? यंत्र बिघडलं?"

"नाही सर. आधी आत्या बिघडली होती."

"नीट बोल," आत्या खाटेवरून म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. उद्याचं उठणं, आत्याचं कोपर, आमचं न मोजणं, पट्टीची जागा. परीक्षक ऐकत होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"ठीक आहे. दाखवा."

आत्या आडवी झाली. उद्या तिची उशी नीट करायला वाकला आणि पुटपुटला, "आत्या, एकदाच. कोपर." मला ऐकू आलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. आत्या कुशीवर वळली, पाय कडेवरून खाली सोडले, दांडी धरली आणि उठून बसली.

बेल वाजली नाही.

आत्याचा उजवा हात गादीकडे गेला, आणि मधेच थांबला. तिने तो परत घेतला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर धरून ठेवला, एखाद्या खोडकर पोराला धरावं तसा. "मी काही केलं नाही हं," ती मला म्हणाली.

"परत एकदा," परीक्षक म्हणाले.

दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदाही वाजली. माझा जीव भांड्यात पडला. परीक्षक अहवाल चाळायला लागले आणि एका पानावर थांबले.

"तो आकडा चुकला हे समजलं. पण हे काय आहे? संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी हालचाल वाढते. याचं कारण काय?"

मी तोंड उघडलं. संदर्भ दिले होते मी त्याला, दोन पुस्तकांचे. मी म्हणाले, "सर, वृद्धांमध्ये दिवसाच्या उत्तरार्धात एक प्रकारची अस्वस्थता..."

"छे हो," आत्या म्हणाली. "संध्याकाळी ही घरी असते."

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं.

"ही दुपारी कॉलेजात. तेव्हा कशाला उगाच कोपर दुखवून घ्यायचं? संध्याकाळी बेल वाजली की ही धावत यायची. घर लहान आहे हो, पण हिची खोली तिकडे, माझी इकडे. वर्षभर दार लावून अभ्यास करतेय पोरगी, हाक तरी कशी मारणार? बेल वाजली की कामासाठी का होईना, यायची, बसायची जरा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पास व्हावीस हेही होतंच हं मनात. खोटं नाही सांगितलं तुला."

मला एकदम रडू आलं आणि रागही आला, आणि तो राग कोणावर काढायचा ते कळेना. मी चरफडत तिथे बसायचे, नजर सारखी घड्याळाकडे, आणि ते तिला दिसत नव्हतं असं थोडंच होतं? उद्या फरशीकडे बघत होता. मॅडमनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

परीक्षकांनी नाक पुसलं आणि ते बराच वेळ पुसत राहिले. सर्दीच असेल. मग त्यांनी विचारलं, "तिसऱ्या वेळेला का वाजत नाही, काही अंदाज?" मी डोळे पुसून अंदाज सांगितला. ती कधी कधी दांडीवर जास्त भार टाकते, मग गादीवर वजन उरतच नाही, म्हणून एक सेन्सर वॉकरवरही हवा. ते म्हणाले, "हे लिहा त्या शुद्धिपत्रात," आणि सही केली.

पास झालो. मार्क काही डोक्यावर घेऊन नाचण्यासारखे नव्हते. अठ्ठ्याण्णववाले पुढे गेले. पण वर्ष वाचलं, नोकरी वाचली. उद्याने बाहेर येऊन बाबांना मिठी मारली, बाबांना तो कोण हेही नीट माहीत नव्हतं.

नियमाप्रमाणे यंत्र विभागात जमा करावं लागतं. पट्टी, तारा, बेल, सगळं मी खोक्यात भरून देऊन आले. घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई म्हणाली, "जेवतेस का?" मी म्हणाले, "जेवते ना, वाढ." तिने चमकून बघितलं. मी बॅग टाकली आणि आत्याच्या खोलीत गेले. ती कपडे बदलून आडवी झाली होती. दोन दिवसांच्या उठबशीने पार गळून गेली होती.

मला दारात बघून ती धडपडून उठायला लागली. "काय गं? काही राहिलं का तपासायचं?"

"काही नाही राहिलं," मी म्हणाले. "पडून राहा. आणि जरा तिकडे सरक, मला जागा दे."